काजूसाठी मुकी दोरी

नाचरी घोडी ढोलाच्या ठेक्यावर नाचते, अशी माझी साठी उलटून गेली तरी समजूत होती. श्रीरामपुरात आमचं घर रस्त्याला लागून. लग्नसराईत वराती दारावरूनच जातात. घोडीने पुढचा पाय उचलून हवेत धरला, की हातातलं काम टाकून मीही बघत उभी राहायचे. आता वरातीचा आवाज आला की मागच्या खोलीत जाते. असं का, ते घरच्यांनाही मी धड सांगितलेलं नाही.

आधी माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मिशनच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. शाळेत तिरंदाजी सुरू झाली तेव्हा धनुष्यं आली, बाण आले, पण दोरी तुटली की दुसरी येईपर्यंत पोरं नुसती बसून राहायची. म्हणून मी दोरी करायला शिकले. लांब फळीवर खुंट्या ठोकायच्या, त्यांच्याभोवती धागा फिरवत न्यायचा, दोन्ही टोकांना फासे करायचे, मेण चोळायचं, आणि बाण जिथे अडकवतात तिथे मधोमध दुसऱ्या दोऱ्याचा घट्ट वेढा द्यायचा. बघायला सोपं. पण धनुष्याची सगळी ताकद त्या दोरीवर येते. त्यातला एखादा धागा जरी ढिला राहिला तरी बाण भलतीकडे जातो. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, हे काम राहिलं. शेजारच्या बायका अजून विचारतात, "बाई, गोधडीचा दोरा का हो?" मी हो म्हणते. समजावत बसलं तर दुपार जाते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. जामखेडकडचे एक नाटकवाले आले होते. "रामाने बाण सोडला की शेवटच्या रांगेत आवाज गेला पाहिजे," म्हणाले. त्यांना हवी तशी कडक दोरी करून दिली. थोड्या दिवसांनी फोन आला, "बाई, आवाज एकदम फस्क्लास. पण रामाचं मनगट सुजलंय. आजचा बाण लक्ष्मण मारणार हाय."

बाकी बहुतेकांना उलटंच हवं असतं. एक निवृत्त तलाठी गच्चीवर सराव करायचे, तर खालच्या बिऱ्हाडातलं तान्हं मूल दर बाणाला दचकायचं. सून भांडायला वर आली आणि तलाठी माझ्याकडे आले. त्यांची दोरी गप करून दिली. दोरी गप करायची म्हणजे काय, तर धनुष्य ओढलं की त्यात ताकद साठते. बाण सुटताना त्यातली बरीचशी बरोबर घेऊन जातो. जी मागे उरते ती दोरीत थरथरत राहते, आणि ती थरथर आपल्याला ऐकू येते. ती कुठेतरी जिरवायची, एवढंच माझं काम. हे काम मला छान जमतं असं मी म्हटलं तर त्यात बढाई नाही. श्रीरामपुरात ते करणारं दुसरं कुणी नाही, हेही खरं.

गेल्या वर्षी थंडी सरत आली होती तेव्हा देवळाली प्रवऱ्याचे रंगनाथ नाना आले. दारात छोटा हत्ती टेम्पो उभा राहिला, त्यातून आधी उसाची मोळी उतरली, मग नाना आणि मागून त्यांची मुलगी ऋतुजा. कॉलेजात शिकणारी, उंच, डाव्या कोपराला पट्टी बांधलेली. नानांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं धनुष्य होतं.

"साळवे बाई तुमीच ना? आमच्या पोरीचं धनुष लई बोंबलतंय बघा. त्याला गप करून द्या."

नाना उसाची शेती करतात आणि लग्नाला घोड्या देतात. ऋतुजा लहानपणापासून घोड्यावर बसणारी. पुण्याकडच्या एका शिबिरात ती पळत्या घोड्यावरून बाण मारायला शिकून आली होती. चैत्रातल्या यात्रेत तिचा कार्यक्रम ठरला होता. गावात फ्लेक्स लागले होते, त्यावर तिचा फोटो आणि घोडीचा फोटो. घोडीचं नाव काजू.

"डीजेसमोर उभी राहती बाई," नाना म्हणाले. "कानाजवळ फटाका फुटला तरी कान हलवत न्हाई. आन् ही दोरी वाजली की उधळती. दोनदा पाडलं हिला."

"घाबरत असेल."

"घाबरट घोडी वरातीत चालंल व्हय?"

"असा आवाज आधी कुठे ऐकलाय का तिने?"

"कुठं ऐकणार? रानात राहती ती," नाना म्हणाले आणि चहा बशीत ओतू लागले.

चहाबरोबर दिलेल्या बिस्किटांतलं एक त्यांनी रुमालात बांधून खिशात टाकलं. ऋतुजा हसली. "काजूला नेतात, मॅडम. घरात आम्हाला विचारत नाहीत, तिला विचारतात."

मला माणूस आवडला. हे मुद्दाम लिहिते.

धनुष्य घोडेस्वाराचं होतं. आखूड, आणि दोन्ही टोकं पुढे वळलेली. अशा धनुष्यात दोरी टोकांच्या वळणावर टेकलेली असते. बाण सुटला की ती त्या वळणांवर चपकन आपटते. आवाजाचं एक कारण ते. दुसरं कारण दोरीतच होतं. कुणीतरी तिला हल्लीचा चकचकीत बारीक धागा घातला होता. हा धागा जरासुद्धा लांबत नाही. बाण वेगाने जातो, पण दोरी शेवटी थांबते ती एकदम, भिंतीला धडकल्यासारखी. "टण्ण" असा आवाज येतो, आणि तो धनुष्याच्या लाकडालाही सोसत नाही.

मी एकेक धागा घालून बघितला. नायलॉन रबरासारखं लांबतं, बाण निम्म्या वाटेत मान टाकतो. सुताचा आवाज मऊ, पण घोड्यावर असताना दोरी तुटून चालणार नाही. जवसाच्या धाग्याची दोरी जुन्या पद्धतीची, चांगली, पण दमट हवेत तिची तऱ्हा बदलते. येवल्याच्या एका विणकराकडून आणलेलं रेशीम माझ्याकडे होतं. त्याचा आवाज इतका गोड की दोनचार बाण मी उगाचच मारले. पण घोड्याचा घाम लागून रेशीम किती टिकेल याची खात्री देता येईना. शेवटी जाडसर पॉलिस्टरवर आले. तो धागा किंचित लांबतो, शेवटचा हिसका स्वतः गिळतो. नेहमीपेक्षा जास्त पदर घेतले, म्हणजे दोरी जड झाली. बाण जरा मंदावला आणि आवाज बसला. दोरीचा पीळ वाढवून तिचं धनुष्याच्या मुठीपासूनचं अंतर थोडं वाढवलं. टोकांच्या वळणावर चामड्याचे तुकडे चिकटवले.

राहिली लोकर. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायला धनगर येतात, त्यांच्यातल्या एका बाईकडून घोंगडीची राठ लोकर आणली आणि दोरीत दोन ठिकाणी तिचे गोंडे बांधले. दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर मात्र बांधायचे नाहीत, एक जरा जवळ, एक जरा लांब. मग थरथर कुठेच एकसारखी टिकत नाही. बाणही जड घेतले, म्हणजे ते जास्त ताकद बरोबर घेऊन जातात. एवढं सगळं झाल्यावर परसात बाण सोडला, तर उशीवर हात आपटावा तेवढा आवाज आला. भिंतीवरच्या मांजरीने मानही वळवली नाही. मी स्वतःवर खूश होते.

रविवारी चर्चमधून परस्पर एसटीने देवळालीला गेले. नानांचं घर रानात. पुढे अंगण, एका बाजूला गोठा, त्याच्या कडेला पत्र्याची शेड. काजू गोठ्यासमोर खुंट्याला बांधलेली होती. बदामी रंगाची, पुढचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. नानांनी तिच्या कपाळावर हात ठेवून माझी ओळख करून दिली, "ह्या बाई. तुझ्यासाठी आल्यात."

ऋतुजाने आधी लांबून बाण मारला. मग जवळून. मग उभ्या काजूवर बसून, मग चालवत, मग पळवत. काजूने एकदा कान वळवले आणि बस. कडब्याच्या पेंढीत बाण रुतत होते आणि घोडी वाऱ्यासारखी पळत होती. नाना बांधावर उभे राहून ओरडत होते, "शाब्बास! शाब्बास गं!" ते मुलीला होतं की घोडीला, कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या मंडळी, हौसाबाई, पदराने डोळे पुसत होत्या. तिथेच मी एसटी धरली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण माझ्या मनात एक शंका होती. लोकर आज ना उद्या झडणार, पावसात भिजणार. दोरी पुन्हा थोडी वाजू लागेल. किती वाजली की काजू बिथरते, ते मला समजायला हवं होतं. मी ऋतुजाला म्हटलं, "हिला खुंट्याला बांध आणि तू जवळ उभी राहा. मी शेडच्या मागून बाण सोडते, म्हणजे धनुष्य तिला दिसणार नाही, फक्त ऐकू येईल." तेवढ्यात लाईट आली आणि नाना विहिरीवर मोटर चालू करायला गेले. ते असते तर त्यांनी मला हे करू दिलं नसतं.

मी धनुष्याला जुनी चकचकीत दोरी चढवली. शेडच्या मागून पेंढीत एक बाण सोडला. टण्ण.

पलीकडून ऋतुजा हसली. "मॅडम, लवकर या! काजू नाचतेय!"

मी पुढे आले. ऋतुजाने मोबाईल काढून तिच्यावर धरला होता. ढोल नव्हता, ताशा नव्हता. लांब कुठेतरी मोटरीचा आवाज, बाकी शांत दुपार. आणि काजू नाचत होती. उजवा पाय उचलून हवेत धरला, ठेवला. डावा उचलला, धरला, ठेवला. मान वाकडी, शेपटी उंच. वरातीत बघतो अगदी तसं. फक्त इथे वरात नव्हती, म्हणून तिच्याकडे नीट बघितलं गेलं. उचललेला पाय थरथरत होता. डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. बघता बघता मानेवर घाम फुटला. मग ती उभ्याउभ्या मुतली आणि तशातही पाय उचलत राहिली.

ऋतुजाचा मोबाईल हळूहळू खाली आला.

"मॅडम, हिला काय होतंय?"

माझ्या हातात धनुष्य तसंच होतं. नाना धावत येताना दिसले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"वाजवू नका ते! बाई, वाजवू नका!"

त्यांनी काजूच्या गळ्याला मिठी मारली. "झालं गं. झालं. कुणी न्हाई." ती हळूहळू थांबली. नानांना धाप लागली होती.

मी विचारलं, "नाना, हिला नाचायला कुणी शिकवलं?"

"मीच."

"कसं?"

"जसं समदे शिकवत्यात तसं." त्यांनी ऋतुजाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. चोरी करताना पकडला गेल्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता. आपला धंदा बाहेरच्याला समजावून सांगताना असतो तसा होता. मघाशी मी त्यांना दोऱ्यांबद्दल सांगत होते, अगदी तसा. "दोन खांबांच्या मधी उभी करायची. हलता येऊ न्हाई अशी बांधायची. पुढं नडगीच्या उंचीला नायलॉनची दोरी ताणायची. ती वढायची आन् सोडायची. नडगीवर बसली की पाय उचलती. संगं ढोल वाजवायचा. मग पुढं पुढं नुसत्या ढोलावर उचलती."

दोन खांब आणि मधे ताणलेली दोरी. म्हणजे ते धनुष्यच होतं. जन्मभर ज्या गोष्टीवर मी हात बसवला ती गोष्ट या घोडीने माझ्याआधी ओळखली होती. मी जवळच्या बाजेवर बसले.

ऋतुजाने विचारलं, "मग मी वर बसलेली असताना ती का पळायची?"

"बांधलेली असली की पाय उचलती," नाना म्हणाले. "मोकळी असली की पळती."

"तुम्हाला माहीत होतं? मी पडले तेव्हा तुम्हाला माहीत होतं, कशाला पळाली ते?"

"अगं, तू वसतिगृहात हुतीस तवाचं हाय ते. तुला कशाला सांगायचं? आन् लई लागत न्हाई ते. मुंगी चावल्यावानी."

"दाखवा."

"काय?"

"कुठे बांधली होती ते दाखवा."

गोठ्याच्या मागे खांब अजून उभे होते. त्यांवर दोडक्याचा वेल चढवला होता, वेलाला पिवळी फुलं आली होती. नानांनी कोनाड्यातून नायलॉनची दोरी आणली आणि वेल बाजूला सारून दोन खांबांना बांधली. हे सगळं ते माझी खात्री पटवायला करत होते असं मला वाटतं. फार काही क्रूर नाही, धंद्यातली साधी गोष्ट आहे, बाईंना समजेल. "हे असं," ते म्हणाले, आणि दोन बोटांनी त्यांनी दोरी मागे ओढली.

ऋतुजा वाकली, तिने पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि दोरीसमोर जाऊन उभी राहिली.

"सोडा."

"येडी झालीस का? बाजूला हो."

"मुंगी चावल्यासारखं आहे ना? मग सोडा, नाना."

नाना हसायला गेले. हसू अर्ध्यातच राहिलं. ते दोरी सोडू शकत नव्हते, आणि धरूनही ठेवता येत नव्हती. ओढलेली दोरी हळूहळू परत पुढे नेणं हे ओढण्यापेक्षा अवघड असतं. शाळेत हेच शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. मी ओरडले, "नाना, सोडू नका! हात पुढे न्या, सावकाश! ऋतुजा, सरक तिथून!" ती सरकली नाही. नानांची बोटं मोटरीच्या पाण्याने ओली होती. बारीक नायलॉन कातडीत रुतलं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

दोरी निसटली.

तो आवाज मी कधीच विसरणार नाही. त्यात दोन आवाज होते, दोरीचा आणि हाडाचा. ऋतुजाचा पाय आपोआप वर उचलला गेला आणि हवेत राहिला. आणि गोठ्याच्या पलीकडे, जिथून आम्ही कुणीच तिला दिसत नव्हतो, काजूच्या टापा वाजू लागल्या. उचल, धर, ठेव. उचल, धर, ठेव.

आम्ही तिघं ते ऐकत उभे राहिलो.

मग नाना खाली मातीत बसले. ऋतुजाच्या नडगीवर लाल वळ उठत होता, मध्यभागी कातडी फाटली होती. ती वळाकडे बघत नव्हती. तशीच लंगडत काजूकडे गेली, तिच्या पुढच्या पायाशी बसली आणि गुडघ्याखालचे पांढरे केस बोटांनी बाजूला करू लागली. केसांखाली काय होतं ते मी बघितलं नाही. मला जवळ जाववलं नाही.

हौसाबाई हळद-तेल घेऊन आल्या. मुलीला लावता लावता कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "मला ठावं हुतं. त्या दिसांत मी पिठाची गिरणी चालू करून बसायचे. आवाज येऊ न्हाई म्हनून." ऋतुजाने आईचा हात बाजूला केला नाही. पण त्या हाताकडे ती अशी बघत होती की मला तिथे थांबवेना.

टेम्पोने सोडतो असं कुणी म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, ऊन लागलं.

त्यानंतर बरेच दिवस मी फळीला हात लावला नाही. नवी दोरी झाली की ती ताणून बोटाने वाजवून बघायची, ही माझी पद्धत. आवाजावरून धागे सारखे बसलेत का ते समजतं. ते बोट पुढे जाईना. तलाठ्यांची दुसरी दोरी तशीच पडून राहिली. त्यांना म्हटलं, हात दुखतोय. क्रूर माणसं असतात हे मला या वयात कुणी नव्याने सांगायला नको होतं. पण बिस्किट रुमालात बांधून नेणारा माणूस आणि दोरी ओढणारा माणूस एकच, आणि त्याला स्वतःला त्यात काहीच वेगळं वाटत नव्हतं, हे मला काही केल्या पचत नव्हतं.

यात्रेत ऋतुजाचा कार्यक्रम झाला नाही. "पोरीच्या पायाला लागलंय," असं नानांनी गावाला सांगितलं. गावाने घोडीला नावं ठेवली, द्वाड आहे म्हणाले. हे मला पुढे पावसाळा संपता संपता खुद्द नानांनी सांगितलं, तेव्हा ते माझ्या दारात उभे होते. या वेळी मुलगी बरोबर नव्हती. अंगावरचं मांस उतरलं होतं. लोकरीचे गोंडे भिजून दोरी जड झाली होती, तशीच दुसरी हवी होती.

"ऋतुजा चालवते का धनुष्य?"

"रोज. काजूवरनंच. ह्या दोरीला ती काय बी म्हणत न्हाई."

"आणि ते खांब?"

"काढले. ऋतुजानं काढले. मी बघत हुतो." मग म्हणाले, "बोलती माझ्याशी. पण जेवा, झोपा, एवढंच."

मी चहा ठेवला. नानांनी बशी हातात घेतली आणि तशीच धरून बसले.

"घोडी माझ्या हातनं अजून खाती बाई," ते म्हणाले. "मी गेलो की मान पुढं करती, हात चाटती. तिनं चावायला पायजे हुतं मला. ती चावत न्हाई, त्येच लई वाईट वाटतं."

काजूला नाचरी घोडी म्हणून द्यायचं त्यांनी बंद केलं होतं. फक्त नवरदेवाला बसायला. मी दोरी करून दिली. हात पुन्हा फळीवर आला तो त्या दोरीने.

तुळशीचं लग्न झाल्यावर नानांच्या पुतण्याचं लग्न निघालं, मला आग्रहाचं बोलावणं आलं. जावं की नाही, ठरत नव्हतं. ऋतुजाने फोन केला, "मॅडम, या. काजू आहे वरातीला. तुम्ही असलात तर बरं." गेले.

दुपार कलताना वरात निघाली. नाना कोरं पांढरं धोतर नेसून, फेटा बांधून काजूच्या बाजूने चालत होते. वर नवरदेव. काजू शांतपणे पावलं टाकत होती. ऋतुजा पुढे बायकांत होती. वळून वळून बघत होती.

पाव्हणे ओरडायला लागले, "नाना, नाचवा की घोडी!"

"न्हाई नाचत ती आता."

"मग आणली कशाला?"

"नवरदेवाला बसायला," नाना म्हणाले. लोक हसले.

पण ढोलवाला काजूला जुना ओळखणारा. कितीतरी वरातींत ती त्याच्यासमोर नाचली होती. त्याला वाटलं, नाना भाव खातात. तो गर्दीतून पुढे आला, काजूच्या तोंडासमोर उभा राहिला आणि त्याने तो जुना ठेका धरला.

काजू थांबली. मान वाकडी झाली. उजवा पाय वर आला आणि हवेत राहिला.

शिट्ट्या झाल्या, सगळीकडून मोबाईल वर गेले. ढोलवाला खूश होऊन जोरात वाजवू लागला. मला त्या गर्दीत फक्त तो पाय दिसत होता. तो थरथरत होता, आणि कुणाला दिसत नव्हतं. मी माणसं ढकलत पुढे घुसले आणि ढोलाच्या कातड्यावर दोन्ही तळवे दाबून धरले. टिपरू माझ्या बोटांवर बसलं. ढोलवाला म्हणाला, "ओ मावशी!" आणि थांबला.

नाना तोवर डांबरावर गुडघे टेकून बसले होते. दोन्ही हातांच्या ओंजळीत त्यांनी काजूची नडगी धरली होती.

"ठेव गं खाली. दोरी न्हाई. बघ, कुठंच न्हाई. ठेव."

लोकांच्या शिट्ट्या बंद झाल्या. काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. नवरदेव वरून वाकून बघत होता. ऋतुजा धावत आली होती आणि बापापासून हातभर अंतरावर थांबली होती.

बऱ्याच वेळाने काजूने पाय खाली आणला. टाप टेकली ती नानांच्या नव्या धोतराच्या सोग्यावर. सोगा डांबरावर पसरला होता, त्यावर तिने सगळा भार दिला आणि मोठा श्वास सोडला.

नवरदेव म्हणाला, "नाना, उठा ना. मुहूर्त चाललाय."

नाना उठू शकत नव्हते. धोतर घोडीच्या पायाखाली होतं, आणि तिला पाय उचल म्हणायला ते तयार नव्हते.